वाचकांचे प्रश्न : कॅलरीचा आकडा दिसतो, तरी जास्त का खाल्लं जातं?

प्रश्न : ताई, मी आणि नवरा अधूनमधून बाहेर जेवायला जातो. हल्ली बऱ्याच ठिकाणी मेनूवर पदार्थाच्या नावापुढे कॅलरी लिहिलेल्या असतात. तो ते वाचतो, "बापरे, एवढ्या?" म्हणतो आणि लगेच दुसरं काहीतरी हलकं मागवतो. मीही तेच वाचते, मलाही धक्का बसतो, पण मागवते मात्र आधीपासून मनात असलेलंच. मग जेवण होईपर्यंत अपराधी वाटत राहतं. कधीकधी तर मी त्या आकड्याकडे मुद्दाम बघतच नाही. वजन माझं जास्त आहे, त्याचं नाही. तो म्हणतो तुला कंट्रोलच नाहीये. खरंच माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर : नाही, काही कमी नाहीये. आणि हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत, यावर बराच अभ्यास झालाय म्हणून सांगतेय.

आधी ते "मुद्दाम बघत नाही" घेऊ, कारण ते लिहिताना तुम्हाला लाज वाटली असणार असं मला वाटलं. २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. लोकांना जेवण निवडायचं होतं आणि त्या जेवणात कॅलरी किती आहेत हे हवं असेल तर फुकट कळणार होतं. ५८ टक्के लोकांनी ती माहिती नकोच म्हटलं. म्हणजे दहातले जवळपास सहा जण. आकडा कळला की मजा जाणार हे माणसाला आतून माहीत असतं, म्हणून तो नजर वळवतो. तुम्ही एकट्या नाही आहात, उलट त्या प्रयोगात तुम्ही बहुमतात बसला असता.

आता नवऱ्यावर आणि तुमच्यावर एकाच आकड्याचा वेगवेगळा परिणाम का होतो. त्याच संशोधकांपैकी लिंडा थुन्स्ट्रॉम यांनी २०१९ मध्ये नेमकं हेच तपासलं. ज्यांना खाण्यावर ताबा ठेवणं मुळातच सोपं जातं त्यांना कॅलरीचा आकडा बघून बरं वाटतं, आपण बरोबर करतोय याची पावती मिळाल्यासारखं. ज्यांना ताबा ठेवणं जड जातं त्यांना तोच आकडा त्रास देतो, आणि वाईट गोष्ट ही की एवढा त्रास होऊनही त्यांच्यावर लेबलचा परिणाम इतरांपेक्षा जास्त काही होत नाही. थुन्स्ट्रॉमबाईंनी याला भावनिक कर म्हटलंय. तुम्ही तो कर भरताय, नवऱ्याला तो लागतच नाही, एवढाच फरक आहे.

हे "ताबा ठेवणं जड जाणं" म्हणजे काय तेही जरा नीट बघायला हवं, कारण आपण सगळंच एका "कंट्रोल" शब्दात कोंबतो. १९८५ मध्ये स्टंकार्ड आणि मेसिक या दोन संशोधकांनी ५१ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली, ती अजूनही जगभर वापरतात. त्यात खाण्याच्या सवयीचे तीन वेगळे भाग मोजले जातात. एक, माणूस ठरवून स्वतःला किती आवरतो. दोन, समोर काही दिसलं, चार लोक खात असले, मूड बिघडला की त्याचा ताबा किती पटकन सुटतो. आणि तीन, त्याला मुळात भूक किती लागते. या तिघांत वजनाशी सगळ्यात जास्त वेळा जोडला गेलेला भाग दुसरा, ताबा सुटण्याचा. पहिला भाग भरपूर असलेली माणसंही जाड असू शकतात, कारण ती दिवसभर स्वतःला आवरतात आणि संध्याकाळी कशाने तरी एकदा बांध फुटला की मग थांबत नाहीत. तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुम्ही आवरताय भरपूर. अपराधी वाटणं हेच त्याचं लक्षण आहे, ज्याला पर्वा नसते त्याला अपराधी कशाला वाटेल.

आणि भूक सगळ्यांना सारखी लागत नाही हो. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांमधून दिसलंय की माणसामाणसांतल्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) फरकातला साधारण ४० ते ७० टक्के भाग अनुवंशिक असतो. २००७ मध्ये एफटीओ नावाच्या जीनचा वजनाशी संबंध असल्याचं कळलं. त्याची जास्त वजनाशी जोडलेली आवृत्ती दोन्ही पालकांकडून आलेल्या लोकांचं वजन, ती अजिबात नसलेल्यांपेक्षा सरासरी ३ किलोच्या आसपास जास्त भरतं. आणि हा जीन काम करतो तो मुख्यतः भुकेवर आणि पोट भरल्याच्या जाणिवेवर. म्हणजे तुमच्या नवऱ्याचं पोट कदाचित लवकर "बस" म्हणत असेल आणि तुमचं उशिरा. त्याला आवरावं लागतंय तेच मुळी कमी.

मग करायचं काय? माझं स्पष्ट मत आहे की तुमच्यासाठी आकड्यापेक्षा वेळ महत्त्वाची आहे. भूक लागलेली आहे, वास येतोय, वेटर वही घेऊन उभा आहे, समोरचा बोलतोय, मेनूवर नजर आधी फोटोवर मग नावावर मग किमतीवर आणि सगळ्यात शेवटी त्या बारीक अक्षरातल्या आकड्यावर जाते, तोपर्यंत मनाने निवड केलेली असते. अशा वेळी माहिती कितीही द्या, ती उशिराच पोचते. एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये प्रयोग झाले होते, त्यात लोकांनी दुपारचं जेवण तासभर किंवा त्याहून आधी सांगून ठेवलं तेव्हा त्यांनी साधारण १० टक्के कमी कॅलरीचं जेवण निवडलं. माणसं तीच, मेनू तोच. त्यामुळे पुढच्या वेळी बाहेर जायचं ठरलं की दुपारी जेवण झाल्यावर, पोट भरलेलं असताना, फोनवर मेनू उघडून बघा, काय मागवायचं ते ठरवा आणि हॉटेलात मेनूकार्ड हातातच घेऊ नका. सरळ नाव सांगून मोकळ्या व्हा.

अजून एक, हे नवऱ्याला वाचायला द्या. "तुला कंट्रोल नाही" हे वाक्य ऐकून कुणी कमी खात नाही. २०१४ च्या एका प्रयोगात ज्या बायकांना आपण जाड आहोत असं वाटत होतं त्यांना वजनावरून हिणवणारा एक लेख वाचायला दिला, तर त्यांनी नंतर जास्त खाल्लं आणि खाण्यावर आपला ताबा कमी आहे असं त्यांना वाटायला लागलं. जवळच्या माणसाने टोमणा मारला तर काय होत असेल विचार करा.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. ऑनलाइन एक पर्सनॅलिटी टेस्ट दिली, त्यात मी इम्पल्सिव्ह, म्हणजे उतावळा, निघालो. खाली लिहिलं होतं की असे लोक जाड होतात. माझं वजन तीन वर्षांत बरंच वाढलंय, नोकरी शिफ्टची आहे. स्वभावच असा असेल तर मग डाएट वगैरे करण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : टेस्टच्या खालची ओळ पूर्ण खोटी नाही, पण अर्धीच आहे. अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये एक दीर्घ अभ्यास चालू आहे, त्यातल्या १,९८८ लोकांची ५० वर्षांहून जास्त काळातली माहिती घेऊन २०११ मध्ये एक पेपर आला. उतावळेपणात सगळ्यात वरचे १० टक्के लोक हे सगळ्यात खालच्या १० टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलोने जास्त वजनाचे होते. आकडा मोठा आहे. पण नीट बघा, ही तुलना दोन टोकांची आहे आणि सरासरीची आहे, मधले ८० टक्के लोक यात आलेच नाहीत. उतावळे असून सडसडीत असलेले लोक तुम्हीही पाहिले असतील.

तुम्ही तो मार्शमेलो या मऊ गोड मिठाईचा प्रयोगही ऐकला असेल, स्टॅनफर्डमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांवर केलेला, आत्ता एक खा किंवा थांबलास तर दोन मिळतील. त्यातल्याच १६४ मुलांना सुमारे ३० वर्षांनी गाठलं, तर लहानपणी जो जितकी मिनिटं थांबला होता त्या प्रत्येक मिनिटामागे मोठेपणी बीएमआय ०.२ ने कमी दिसला. यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की सगळं चार वर्षांच्या वयातच ठरतं. पण २०१८ मध्ये ९०० हून जास्त मुलांवर तसाच प्रयोग करून बघितला आणि थांबण्याचा पुढच्या अभ्यासातल्या प्रगतीशी असलेला संबंध तपासला, तर घरची परिस्थिती वगैरे हिशोबात धरल्यावर तो बराचसा विरला. थांबता येणं हे नुसतं स्वभावावर नसतं, आजूबाजूला काय आहे यावरही असतं.

मला तुमच्या पत्रात स्वभावापेक्षा "नोकरी शिफ्टची आहे" हे तीन शब्द जास्त महत्त्वाचे वाटले. १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन हे हार्मोन, भरपूर झोप मिळालेल्या रात्रींच्या तुलनेत, १८ टक्क्यांनी कमी भरलं आणि भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त. दोन रात्रींत त्यांचा स्वभाव बदलला नव्हता ना? तरी भूक वाढली, आणि ओढ जास्त होती ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. तुमची तर वर्षं चाललीत अशी.

दुसरं उदाहरण संशोधक केव्हिन हॉल यांच्या २०१९ च्या अभ्यासाचं. २० लोक महिनाभर संशोधन केंद्रातच राहिले. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात बनलेलं तयार अन्न, दोन आठवडे साधं अन्न, दोन्हीत समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. प्रक्रिया केलेल्या अन्नावर ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते आणि खात पण भराभर होते. दोन आठवड्यांत ०.९ किलो वाढलं, दुसऱ्या दोन आठवड्यांत तेवढंच उतरलं. माणसं तीच होती.

आणि आता ती सेमाग्लुटाइडसारखी वजन कमी करणारी इंजेक्शनं आलीत. २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन कमी झालं, औषध नसलेलं नुसतं नावाचं इंजेक्शन मिळालेल्यांचं २.४ टक्के. घेणारे बरेच जण सांगतात की डोक्यात दिवसभर खाण्याचं जे चालू असायचं ते शांत झालं. औषधाने कुणाला शिस्त शिकवली नाही, भुकेचा आवाज कमी केला. मी तुम्हाला इंजेक्शन घ्या म्हणत नाहीये, ते डॉक्टर ठरवतील. पण "स्वभाव आहे, काय करणार" हे डोक्यातून काढा. आधी झोपेचं बघा, शिफ्ट संपल्यावर खोलीत काय खायला ठेवलंय ते बघा. उतावळा माणूस समोर असेल ते उचलतो, म्हणून समोर काय असावं हे तुमचं डोकं शांत असतानाच ठरवून टाका. डाएट त्यानंतर.

प्रश्न : मेनूवर लिहिलेल्या कॅलरी खऱ्या असतात का?

उत्तर : सरासरीने बऱ्यापैकी. अमेरिकेत हॉटेलांतले २६९ पदार्थ प्रयोगशाळेत तपासले होते, २०११ मध्ये ते छापून आलं, एकूण हिशोब जवळपास बरोबर निघाला, पण १९ टक्के पदार्थांत लिहिल्यापेक्षा १०० किंवा जास्त कॅलरी जादा होत्या. हाताने वाढलेल्या अन्नात असं होणारच. आकडा अंदाज म्हणून घ्या, एकेक कॅलरीचा जमाखर्च मांडू नका.

प्रश्न : मी पब्लिक हेल्थ शिकतेय. आमच्या वर्गात वाद झाला की मेनू लेबलिंगचा काही उपयोग होतो की सरकारं नुसतं काहीतरी केल्याचं दाखवतात. तुमचं काय मत?

उत्तर : छान वाद आहे. मेनूवर कॅलरी छापायला लावायची सुरुवात न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये केली. अमेरिकाभर मे २०१८ पासून २० किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांच्या साखळ्यांना ते बंधनकारक झालं, इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्यांना. म्हणजे आता मागे वळून बघायला पुरेसा काळ गेलाय.

आरोग्यावरच्या संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये २५ अभ्यासांचा आढावा घेतला. लेबलमुळे निवडलेल्या कॅलरी सरासरी १.८ टक्क्यांनी कमी होतात, म्हणजे ६०० कॅलरीच्या जेवणात ११ कॅलरी. दोन बदामांएवढं. इंग्लंडमध्ये कायद्याच्या आधी आणि नंतर हजारो ग्राहकांना हॉटेलबाहेर थांबवून विचारलं, २०२४ मध्ये निकाल आले. लेबल लक्षात आलेल्यांचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर गेलं, पण घेतलेल्या किंवा खाल्लेल्या कॅलरीत फरक दिसला नाही. मला यातलं ३२ टक्के जास्त बोलकं वाटतं. कायदा आला, छापून झालं, आणि तरी तीनातल्या दोघांना ते दिसलंच नाही.

पण सरासरीवर थांबू नकोस, सरासरीच्या पोटात बरंच काही दडलेलं असतं. स्टारबक्सच्या न्यूयॉर्कमधल्या विक्रीचा अभ्यास काढून वाच. तिथे दर खरेदीमागे कॅलरी ६ टक्क्यांनी घटल्या, त्याही मुख्यतः खाण्याच्या पदार्थांत, पेयांत जवळजवळ काहीच नाही. पण ज्यांची आधीची खरेदी सरासरी २५० कॅलरीच्या वर असायची त्यांच्यात २६ टक्के घट झाली. म्हणजे "जास्त खाणाऱ्यांवर परिणाम होतच नाही" असं सरसकट म्हणता येत नाही. माझा अंदाज असा की ज्यांना ठाऊकच नव्हतं त्यांना माहिती मिळाल्यावर फरक पडतो, ज्यांना ठाऊक होतं आणि तरी आवरत नव्हतं त्यांना फारसा नाही पडत. वजनाच्या काट्यावर दोघं सारखेच दिसतात, पण लेबलसमोर वेगळे वागतात. तुमच्या वर्गातल्या दोन्ही बाजू बहुतेक वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलत असाव्यात.

मांडणीनेही फरक पडतो. २०१९ च्या एका अभ्यासात आकडा पदार्थाच्या नावाच्या डावीकडे, म्हणजे आधी वाचला जाईल असा टाकला, तर लोकांनी कमी कॅलरीचं मागवलं. उजवीकडून डावीकडे हिब्रू वाचणाऱ्यांमध्ये हे बरोबर उलटं झालं. आधी दिसलेली गोष्ट पुढच्या निवडीला रंग देते. एकाच अभ्यासावर फार भिस्त ठेवू नये, पण डावीकडे छापायला वेगळा खर्च येत नाही.

चालण्याची मिनिटं लिहायची पद्धत पण आहे, हे खाल्लंत तर इतकं चालावं लागेल. २०२० च्या एका एकत्रित विश्लेषणात त्याने एका जेवणामागे सुमारे ६५ कॅलरी कमी झाल्या. आकडा चांगलाय, तरी मला ती पद्धत मनापासून आवडत नाही. चालणं म्हणजे खाल्ल्याची शिक्षा असं एकदा डोक्यात बसलं की माणूस चालणंही सोडतो.

आणि पाकिटांवरच्या लेबलांकडेही बघ. चिलीने २०१६ मध्ये साखर-मीठ जास्त असलेल्या पाकिटांवर मोठे काळे अष्टकोन छापायला लावले, सोबत मुलांसाठीच्या जाहिरातींवर आणि शाळेतल्या विक्रीवर बंधनं घातली, आणि गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. एका झटक्यात कळणारी खूण आणि सोबत बाकीचे नियम, असं सगळं मिळून. नुसत्या बारीक आकड्याकडून तेवढी अपेक्षा करणं बरोबर नाही. माझं मत विचारशील तर लेबल राहू दे, जाणून घ्यायचा हक्क आहे तो, पण स्थूलतेवर केलेला उपाय म्हणून ते मिरवू नये.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. गेले काही महिने ती मेनूवरचा सगळ्यात कमी आकडा शोधते आणि तेवढंच खाते, घरी पण पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय काही तोंडात घालत नाही. नातेवाईक म्हणतात किती शहाणी आहे. मला मात्र भीती वाटतेय.

उत्तर : तुमची भीती बरोबर आहे, तिच्यावर विश्वास ठेवा. २०१७ च्या एका अभ्यासात खाण्याच्या मानसिक आजारांची लक्षणं असलेल्या बायकांना कॅलरी लिहिलेला आणि न लिहिलेला मेनू दिला होता. उपाशी राहण्याकडे कल असलेल्यांनी आकडे बघून अजूनच कमी निवडलं, आणि एकदम भरमसाट खाण्याचा त्रास असलेल्यांनी उलट जास्त निवडलं. ज्याला जिकडे ओढ, तिकडेच तो आकडा ढकलतो. म्हणूनच इंग्लंडच्या नियमात गिऱ्हाईकाने मागितला तर बिनआकड्यांचा मेनू देण्याची मुभा ठेवलीय.

मुलीची पाळी चुकतेय का, चक्कर येते का, सारखी थंडी वाजते का, केस गळतायत का, जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाते का, हे बघा. यातलं काही नसलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि सोबत मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकही गाठा, थांबून बघू असं करू नका, या आजारात लवकर सुरुवात केलेली बरी. चक्कर येऊन पडली, खाणं-पिणं बंदच केलं किंवा जगण्याबद्दल निराश काही बोलली तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. घरात कॅलरीवर वाद घालू नका, तिच्या ताटाकडे टक लावून बघू नका, पण सगळे एकत्र बसून जेवा. आणि नातेवाइकांना तिच्यासमोर कौतुक करू नका म्हणून सरळ सांगा. वाईटपणा आला तर येऊ दे.

प्रश्न : आमच्या ऑफिसच्या कॅन्टीन कमिटीत मी आहे. मॅनेजमेंट म्हणतंय कॅलरीचे बोर्ड लावा आणि वेट लॉस चॅलेंज ठेवा. अजून काय करता येईल?

उत्तर : बोर्ड लावा, आकडा नावाच्या आधी आणि मोठ्या अक्षरात. चॅलेंज मात्र कृपया नको, लोकांचं वजन चारचौघांत मांडलं की ज्यांना आधीच लाज वाटते ते कॅन्टीनमध्ये यायचेच बंद होतील.

त्याऐवजी सकाळी दहापर्यंत जेवण सांगायची सोय करा, मगाशी पहिल्या उत्तरात लिहिलंय तसं. आणि वाढणाऱ्यांना एक प्रश्न विचारायला शिकवा : "भाताचा भाग अर्धा देऊ का?" २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका उपाहारगृहात असंच विचारून बघितलं होतं, १४ ते ३३ टक्के लोक हो म्हणाले आणि त्यांच्या ताटात २०० हून जास्त कॅलरी कमी झाल्या. यात कुणाला काही वाचायचं नाही, हिशोब करायचा नाही, मन घट्ट करायचं नाही, नुसतं हो किंवा नाही म्हणायचं. ज्याचा ताबा पटकन सुटतो त्यालाही हे जमतं, कारण जास्तीचं अन्न समोर येतच नाही. विचारायचं मात्र प्रत्येकाला, बारीक असो की जाड, नाहीतर तो प्रश्न न राहता टोमणा होईल. आणि अर्धा भाग घेतलेल्याला नंतर अजून हवं असेल तर काही न बोलता वाढा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो पूर्ण ताटच मागेल.